नरसिंहाच्या वाट्याचे शब्द

शब्दकोश विळीवर कापता येतो, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला पटायचं नाही. नरसिंह पाथरीकरानं ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. विळीच्या पाटावर बसला होता खंडेराव, कोश दोन्ही हातांनी घट्ट धरून, जसा काही लाल भोपळाच. गुणवंत बाजूला उभा राहून ओरडत होता, "सरळ काप लेका, तिरका गेला तर अर्धे शब्द अर्थावाचून राहतील!"

तिघेही मराठवाड्यातले. कलेक्टर व्हायचं म्हणून दिल्लीला आले आणि शहादऱ्यात एका पंडिताइणीच्या गच्चीवरच्या खोलीत राहिले. तिघांत मिळून एकच इंग्रजी-मराठी कोश होता. परीक्षा जवळ आली तशी कोशाची ओढाताण सुरू झाली. एकाला जे पान हवं, त्याच्या दहा पानं मागेपुढे दुसऱ्याचं बोट अडकलेलं. शेवटी तोडगा निघाला तो विळीचा. तीन भाग करायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचा भाग त्यानं पाठ करायचा, आणि रोज जेवायच्या आधी प्रत्येकानं आपल्यातले शब्द अर्थासकट दोघांना वाढायचे. शब्द दिल्याशिवाय पोळी नाही.

विळीला काही एबीसीडी कळत नाही. तिनं पहिला घाव घातला तो एच संपतं तिथं, आणि दुसरा घातला तो आर या अक्षराच्या ऐन पोटात. गुणवंताला पहिला भाग आला, खंडेरावाला मधला. नरसिंहाच्या हाती जो तुकडा पडला तो सुरूच होत होता आर-ई पासून. तेही चाललं असतं, कारण पुढे झेडपर्यंतची सगळी मुलूखगिरी त्याचीच होती. पण पंडिताइणीची शेळी होती. ती एका दुपारी गच्चीवर आली आणि कोशाला मागच्या बाजूनं लागली. झेड खाल्लं, डब्ल्यू खाल्लं, एस तर चवीनं खाल्लं, आणि मागून पुढं खात खात आर-ई संपतं तिथवर येऊन थांबली. का थांबली ते तिलाच ठाऊक. पोट भरलं असेल. गुणवंत म्हणायचा, तिला पुढचं कडू लागलं असेल.

तर अशा रीतीनं नरसिंहाजवळ उरले ते फक्त आर-ईचे शब्द. रिटर्न, रिपीट, रिमेंबर, रिपेअर, रिग्रेट, रिक्वेस्ट. एकसारखी सुरुवात असलेली ही सगळी भावंडं, आणि बहुतेकांच्या अर्थात कुठंतरी 'परत' नाहीतर 'पुन्हा' दडलेलं. त्यानं ते असे पाठ केले की झोपेत विचारलं तरी अर्थ तयार.

चूक झाली ती वेगळीच, आणि ती चांगल्या वळणाच्या घरांत वाढलेल्या पोरांकडूनच व्हावी. दुसऱ्याच्या ताटातलं खायचं नाही, ही तिघांची लहानपणची शिकवण. रोज जेवताना शब्द वाढले गेले, तिघांनी ऐकले, माना डोलावल्या, आणि कुणीही दुसऱ्याचा एक शब्द पाठ केला नाही. 'ते गुणवंताकडं आहे ना, मग हवं तेव्हा मागून घेऊ.' परीक्षेच्या हॉलमध्ये मागायचं कुणाकडं? निबंधाचा विषय एकच होता, पण तिघांनी तीन वेगळ्या मुलखांतले निबंध लिहिले. नरसिंहाचा तर इतक्या वेळा मागे वळत होता, की तपासणाऱ्याला घेरी आली असावी.

कलेक्टर कुणीच झालं नाही. खंडेरावाच्या वाट्यात लव्ह होतं, मॅरी होतं, मनी होतं आणि मुख्य म्हणजे नो होतं. त्यानं बापाला नो म्हटलं, एका सिंधी नर्सशी लग्न केलं आणि तिच्यामागून मस्कतला गेला. गुणवंत ऑडिटमध्ये चिकटला आणि गाझियाबादला घर करून राहिला. नरसिंह कार्बन पेपर आणि टाइपरायटरच्या फिती बनवणाऱ्या एका सरकारी महामंडळात कारकून झाला, आणि त्याच्या बायकोच्या, गिरिजाच्या, म्हणण्याप्रमाणे, तिथंच वाळत पडला.

नरसिंहाच्या त्या आर-ईच्या वाट्याची टिंगल पुष्कळ वर्षं झाली. मग एक्याण्णव साल उजाडलं, आणि चमत्कार झाला. देशात जे जे नवीन येऊ लागलं ते ते आर-ईनं सुरू होऊ लागलं. आधी आलं रिफॉर्म. मग रिव्ह्यू, रिस्ट्रक्चर, रिसोर्स. महामंडळात दर आठवड्याला एक परिपत्रक, आणि प्रत्येक परिपत्रकात नरसिंहाच्या घरचे दोन-चार पाहुणे. कोशात नसलेल्या शब्दांचे अर्थही तो डोकेफोड करून बाहेर काढी. रिलोकेट आलं तेव्हा म्हणाला, "लोकेट खंडेरावाकडं गेलं, पण मुंडकं माझ्या हातात आहे. म्हणजे उचलून दुसरीकडे ठेवणे." सगळा मजला त्याच्या टेबलाभोवती जमू लागला. शेजारच्या टेबलावरचा तनेजा रोज सकाळी चहाचा ग्लास घेऊन हजर.

"नरसिंहजी, ये रिडंडंट क्या बला है?"

"जरूरत से ज़्यादा."

तनेजानं आपल्या ढेरीकडं पाहिलं. "इसकी बात हो रही है या मेरी?"

सगळे हसले. नरसिंहही हसला. अर्थ सांगण्यात एक सुख असतं. शब्द कुणावर पडणार आहे याचा विचार तेव्हा करावा लागत नाही. गवंड्यानं वीट पुढं द्यावी, तशी ती दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळं व्हायचं.

नव्याण्णवच्या थंडीत ती वीट त्याच्याच पायावर पडली. टाइपरायटरच गेले, फिती कोण घेणार? परिपत्रक आलं की दिल्लीचं ऑफिस आवरायचं. ज्याला हवं त्यानं शुक्रवारपर्यंत सही करून स्वेच्छानिवृत्ती घ्यावी. सही न करणाऱ्याला दूर ओरिसातल्या झारसुगुड्याच्या गोदामात पाठवण्यात येईल. ऑफिस आवरायचं काम एका सल्लागार कंपनीकडं होतं, आणि तिच्या वतीनं शालिनी नावाची एक मुलगी रोज येऊन एकेकाला आत बोलावी. नरसिंहाची पाळी होती शुक्रवारी.

गिरिजाला झारसुगुडा नकाशावर सापडलं तेव्हा तिनं नकाशा मिटला आणि कपाटावर ठेवला. दिल्लीच्या कडेला नव्यानं वसलेल्या द्वारकेच्या सोसायटीत त्यांचं घर होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सोसायटीत नाव घातलं तेव्हा तिचे केस काळे होते. चावी मिळाली तेव्हा पांढरे. समोर रस्ता नव्हता, नळ होते पण नळांना पाणी नव्हतं, आणि तरी ती अशी काही हरखली होती की विचारू नका. टँकर आला की खाली जाऊन सगळ्या इमारतीची रांग तीच लावायची. "भैया, पाइप सीधा पकडो, अर्धं पाणी रस्त्यालाच पाजताय!" असं तिचं हिंदी, आणि टँकरवाला तिला वचकून असायचा.

"अहो, शुक्रवारी काय सांगणार आहात?" तिनं भाजी निवडता निवडता विचारलं.

"बघू. रिटायर व्हायचं, नाहीतर रिलोकेट."

"मी अर्थ नाही विचारला. तुम्हाला काय हवंय?"

नरसिंहाला ते खरंच शोधावं लागत होतं. वाण्याकडं चणाडाळ आहे का विचारावं आणि त्यानं सगळे डबे उघडून पाहावेत, तसं त्याचं चाललं होतं. सही केली तर वयाच्या बावन्नाव्या वर्षी घरी बसायचं. आणि नुसता बसलेला नरसिंह कसा असतो ते त्यानं रविवारी पाहिलेलं होतं. गेलो तर गिरिजा इथं, आपण गोदामात. दोन्ही नको होतं. पण 'नको' हा काही पर्याय परिपत्रकात नव्हता.

"तुमचं सगळं परत आणि पुन्हा," गिरिजा म्हणाली. "साहेब ओरडले की रिग्रेट, बढती राहिली की रिक्वेस्ट. तीस वर्षांत एकदा तरी 'मी' असं म्हणून वाक्य सुरू केलंत?"

"'मी' खंडेरावाच्या वाट्यात होता," नरसिंह म्हणाला.

तो थट्टेनं म्हणाला खरा, पण तो विचार त्याच्या मनातून जाईना. बसमध्ये, ऑफिसात, आंघोळ करताना तो त्यालाच चावत बसला. आय गेला खंडेरावाकडं. नो गेलं त्याच्याकडंच. वाँट तर शेळीच्या पोटात. होम गुणवंताकडं, आपल्याकडं आला तो रेसिडेन्स. अर्ज भरायला बरा, राहायला नाही. माणूस ज्या शब्दांवर वाढतो तसाच होतो, दुसरं काय? विळी इंचभर डावीकडं बसली असती तर आज मस्कतला आपण असतो आणि खंडेराव कार्बन पेपर मोजत असता. हा सिद्धांत त्याला फार पटला. त्यात दुःख होतं, पण दोष कुणाचाच नव्हता, आणि असलं दुःख माणसाला उबदार वाटतं.

रविवारी तो बस बदलत बदलत गाझियाबादला गुणवंताकडं गेला. विजयालक्ष्मीवहिनी माहेरी हैदराबादला गेल्या होत्या. गुणवंत एकटाच लुंगी लावून पिठलं हाटत होता.

"ये नऱ्या! हात धुऊन घे. गाठी होऊ नयेत म्हणून मला हात थांबवता येत नाही."

नरसिंहानं दारातच सगळी हकिगत सांगितली. परिपत्रक, झारसुगुडा, शुक्रवार आणि मग आपला सिद्धांत. गुणवंतानं ऐकलं, पिठलं उतरवलं, भाकऱ्या काढल्या, कांदा बुक्कीनं फोडला आणि पाटावर बसला.

"म्हणजे तू माझ्याकडं शब्द मागायला आलास?"

"तसंच समज. तुझ्याकडं बरेच होते. बिगिन होतं. डिसाइड होतं."

"होते ना. आस्क होतं, बार्गेन होतं, फाइट होतं. फाइट तर असं पाठ होतं की अर्थ सांगताना माझ्या अंगावर काटा यायचा."

"मग?"

"मग काय? ॲडजस्ट आणि ॲग्रीवर नोकरी काढली. फाइट एकदाच वापरलं, भाजीवाल्याशी. त्यातही कोथिंबीर फुकट मागितली आणि त्यानं दिली नाही." गुणवंतानं भाकरीचा तुकडा मोडला, पण नरसिंहाचं ताट रिकामंच ठेवलं. "आता जुना नियम. शब्द दे, भाकरी घे. रिपेअर?"

नरसिंह हसला. "दुरुस्त करणे."

"रिपेंट?"

"पश्चात्ताप करणे."

"रिझिस्ट?"

"विरोध करणे, प्रतिकार करणे."

"रिजेक्ट?"

"फेटाळणे."

"रिफ्यूज?"

"नाकारणे, नाही म्हणणे, देण्यास किंवा करण्यास..." नरसिंहाची गाडी नेहमीसारखी भरधाव निघाली होती. ती मध्येच थांबली.

गुणवंतानं त्याच्या ताटात भाकरी वाढली. वर पिठल्याचा डाव ओतला. "कुणाच्या वाट्यात होता रे हा? खंडेरावाच्या?"

शब्द नरसिंहाकडंच होता. शेळीनं खाल्ला नव्हता, विळीनं कापला नव्हता. त्याचे तीन अर्थ त्याला येत होते, आणि ते त्यानं तनेजाला, भट्टाचार्यला, मजल्यावरच्या कितीतरी माणसांना खणखणीत सांगितले होते. कुणी कर्जाचा अर्ज फेटाळल्याचं पत्र घेऊन आलं की तो रिफ्यूजचा अर्थ सांगे. म्हणजे साहेबानं काय केलं ते सांगे. तो शब्द आपणही वापरायचा असतो, हे कोशात कुठंही लिहिलेलं नव्हतं.

"जेव रे," गुणवंत म्हणाला. "गार पिठलं म्हणजे लांबी होते, काचा बसवायला."

"गुण्या, म्हणजे इतकी वर्षं मी त्या शेळीला उगीच शिव्या दिल्या?"

"शेळीला काय, ती बिचारी केव्हाच गेली. मी तर विळीला देतो. आपल्याला कुणीतरी लागतंच." त्यानं कांद्याची एक पाकळी तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिला. "मला आता थोडीच वर्षं उरली. मी ॲडजस्टवरच निघून जाईन. तुझं मात्र मला बघायचंय."

शुक्रवारी मजला जवळजवळ रिकामा झाला होता. तनेजानं सही करून लक्ष्मीनगरला एसटीडी बूथसाठी जागा बघितली होती, आणि तो सगळ्यांना येऊन फुकट फोन करण्याचं आमंत्रण देत होता. नरसिंह आत गेला. शालिनी लॅपटॉपवरून मान वर न करता इंग्रजीत बोलू लागली, आणि तिच्या वाक्यांत आर-ईची नुसती दिंडी चालली होती. नरसिंहाला एकूण एक शब्द कळला. मग तिनं यादीतलं नाव पाहिलं आणि ती थांबली.

"पाथरीकर? काका, तुम्ही महाराष्ट्रीयन? मी पण. मतलब, आई-बाबा. मी इथंच आर. के. पुरमला वाढले." तिचं मराठी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन तिथंच थांबलेलं होतं. "काका, तुमची साइन अजून नाही आली. सगळ्यांनी केलीय, बिल्कुल सगळ्यांनी. झारसुगुडा जाणार का तुम्ही?"

"मी नाकारतो," नरसिंह म्हणाला.

शालिनीनं भुवया उंचावल्या. "नाका...? सॉरी काका, ते म्हणजे?"

सवयीनं नरसिंहाच्या जिभेवर इंग्रजी शब्द तयार झाला होता. अर्थ सांगून मोकळं व्हायची ती जुनी जागा समोर होती. त्यानं तो शब्द गिळला. हात टेबलाखाली नेऊन त्यानं मांड्यांवर दाबून धरले.

"म्हणजे मी सही करत नाही," तो म्हणाला. "आणि मी झारसुगुड्यालाही जात नाही. माझं घर द्वारकेला आहे. माझी बायको तिथं आहे. मला काम करायचंय आणि मला दिल्लीत राहायचंय. मला."

इतकी 'मी'ची वाक्यं एका दमात बोलून त्याला धाप लागली. शालिनीनं लॅपटॉप किंचित मिटला. ती वाईट मुलगी नव्हती. तिच्यासमोर या आठवड्यात माणसं रडली होती, भांडली होती, पण असं साधं कुणी बोललं नव्हतं, आणि त्याचं काय करायचं ते तिच्या कागदांत नव्हतं.

"काका, असा ऑप्शनच नाहीये."

"मला कळतं. तरीही मी तेच म्हणतोय."

ती बाहेर जाऊन फोन करून आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. मग खुर्ची जरा पुढं ओढून बोलली. साहिबाबादला महामंडळाचा जुना डेपो होता. तो अजून काही वर्षं चालणार होता, कारण तिथल्या मशीन विकल्या जात नव्हत्या. तिथं एक जागा होती, ती कुणालाच नको होती. हुद्दा एक पायरी खाली. साहेब कोण, तर नरसिंहाच्या हाताखाली काम शिकलेला एक पोरगा.

"तुम्हाला इन्सल्टिंग वाटेल, काका. मी तुमच्या जागी असते तर नसतं घेतलं."

नरसिंहानं विचार केला. द्वारका दिल्लीच्या एका टोकाला, साहिबाबाद दुसऱ्या टोकाच्याही पलीकडं. मधे अख्खी दिल्ली, यमुनेसकट. पोरगा खुर्चीत बसून 'पाथरीकरजी' म्हणणार, आणि आपण उभं राहायचं. नाकारणं फुकट मिळत नाही, हेही कोशात नव्हतं.

"मी घेतो," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी पोचला तेव्हा गिरिजा बाल्कनीत कपडे काढत होती. त्यानं चपला काढता काढताच सगळं सांगितलं. नाकारलं, ते सांगितलं. शालिनीला शब्द कळला नाही, ते सांगितलं. डेपो, हुद्दा, पोरगा, सगळं. डोक्यावरून विमान उतरत होतं, म्हणून दोघंही थांबले. द्वारकेत अशी सगळ्यांची बोलणी अर्ध्यावर लटकत. विमान जाईपर्यंत गिरिजा त्याच्याकडं बघत होती, हातात त्याचाच सदरा धरून.

"खालच्या हुद्द्यावर," ती म्हणाली.

"हो."

"आणि रोज साहिबाबाद."

"हो. पहिली बस पकडावी लागेल. तू पहाटे उठून डबा..."

"मी नाही उठणार," गिरिजा म्हणाली.

नरसिंहाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं सदऱ्याची नीट घडी घातली, कॉलर हातानं दाबली.

"तीस वर्षं तुमच्या ऑफिसच्या वेळेला उठतेय. थंडीत पहाटे मला गुडघे धरतात, तेव्हा गॅससमोर उभं राहायचं म्हणजे जीव जातो. कधी बोलले नाही. आज बोलते. पोळ्या रात्री करून ठेवीन. डबा तुमचा तुम्ही भरायचा, चहा तुमचा तुम्ही करायचा. आणि भांडं विसळून ठेवायचं."

तो क्षणभर दुखावला. दिवसभराच्या पराक्रमानंतर माणूस घरी वेगळ्या स्वागताची अपेक्षा ठेवून येतो. मग त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिलाही धाप लागली होती, शालिनीसमोर त्याला लागली होती अगदी तशीच, आणि तिनं हात सदऱ्याखाली लपवले होते.

"साखरेचा डबा कुठं असतो?" त्यानं विचारलं.

"वरच्या फळीवर. चला, दाखवते."